आबे फ्रान्झ लिस्ट : एका थोर पियानोवादकाचें चरित्र

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपण ख्रिस्तमंदिर उभारणाऱ्यांचें, त्यांत सेवा केलेल्या धर्मगुरूंचें आणि दानशूर गृहस्थांचें कृतज्ञतेनें स्मरण करतों. परंतु दर रविवारीं माडीवर उभे राहून मिस्सेचीं गीतें गाणारे, आणि ऑर्गनवर बसून त्यांस सूर देणारे जे सेवक, त्यांचें नांव कोठल्याहि शिळेवर कोरलेलें नसतें. आपल्या या सेवेचा देवापुढें कांहीं हिशेब आहे काय, असा विचार ज्यांच्या मनांत कधीं आला असेल, त्यांच्यासाठीं एका थोर कलावंताचें चरित्र येथें सांगण्याचें योजिलें आहे. फ्रान्झ लिस्ट हा एकोणिसाव्या शतकांतील अत्यंत विख्यात पियानोवादक. राजेरजवाड्यांनीं त्याचा सन्मान केला, द्रव्य त्याच्या पायांशीं लोळलें, आणि पन्नाशी उलटल्यावर त्यानें धर्मसेवकाचा काळा झगा अंगावर चढविला. हा झगा त्यानें मनापासून घातला, कीं केवळ जगास चकित करण्यासाठीं, याविषयीं त्याच्या हयातींतच वाद माजला होता. त्या वादाचा निवाडा त्याच्या चरित्रावरूनच करणें योग्य होय.

लिस्टचा जन्म २२ ऑक्टोबर १८११ रोजीं हंगेरीच्या राज्यांतील डोबोर्यान नांवाच्या खेड्यांत झाला. जर्मन भाषेंत या गांवास रायडिंग म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ मध्यें, तो मुलूख ऑस्ट्रियाकडे गेला. त्याचा पिता आदाम लिस्ट हा एस्टरहाझी या बड्या सरदार घराण्याच्या जहागिरींत मेंढ्यांच्या कळपांवरील कारभारी होता. गांव लहान आणि मिळकत बेताची. परंतु आदामला संगीताचें वेड होतें, व जहागीरदाराच्या वाद्यवृंदांत त्यानें पूर्वीं चेलोहि वाजविला होता. तरुणपणीं तो कांहीं काळ फ्रान्सिस्कन मठांत उमेदवार म्हणून राहिला होता. मठ सुटला, तरी संत फ्रान्सिसवरील त्याची भक्ति सुटली नाहीं; मुलाच्या स्नानसंस्काराच्या वेळीं त्यानें फ्रान्सिस्कुस हेंच नांव ठेविलें. आई आन्ना ही ऑस्ट्रियांतील क्रेम्स गांवची, साधी व देवभीरु स्त्री होती. मठाची ओढ आणि वाद्याची ओढ, अशा दोन ओढी या मुलास जणूं घरांतूनच मिळाल्या. आणि त्या दोहोंची ओढाताण त्याच्या जन्मभर चालू राहिली.

पियानो या वाद्याची ओळख आपल्याकडे पुष्कळांस आहे. बाजाच्या पेटीप्रमाणें त्यास पट्ट्या असतात. परंतु येथें वाऱ्यानें सूर निघत नाहीं, तर पट्टी दाबतांच आंतील लहानशी हातोडी तारेवर आपटते आणि तार झंकारते. बोटाच्या जोरावर आवाज मृदु किंवा प्रखर करतां येतो, हें या वाद्याचें वैशिष्ट्य. आदामनें आपल्या मुलास सहासात वर्षांचा असतांनाच या वाद्यापुढें बसविलें. मुलाची प्रगति पाहून बाप थक्क झाला. १८२० च्या ऑक्टोबरांत सोप्रोन शहरीं व नोव्हेंबरांत प्रेसबर्ग येथें, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हा शहरांत, नऊ वर्षांच्या या मुलानें लोकांपुढें वादन केलें. तें ऐकून हंगेरीच्या कांहीं सरदारांनीं त्याच्या शिक्षणासाठीं विद्यावेतन बांधून दिलें.

तेव्हां आदामनें नोकरी सोडून १८२२ मध्यें सहकुटुंब व्हिएन्ना गांठलें. तेथें बेथोव्हनचा शिष्य कार्ल चेर्नी याच्या हाताखालीं मुलाचें शिक्षण सुरू झालें. चेर्नीनें त्याच्या स्वैर बोटांस कठोर शिस्त लाविली. आणि थोडे धडे झाल्यावर, कुटुंबाची स्थिति व मुलाची बुद्धि पाहून, मोबदला घेण्याचें अजीबात नाकारलें. वृद्ध संगीतकार सालिएरी यानेंहि त्यास स्वररचनेचें ज्ञान विनामूल्य दिलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण या ऋणाची फेड लिस्टनें पुढें कशी केली, हेंच त्याच्या चरित्राचें खरें सार आहे.

१८२३ च्या अखेरीस हें कुटुंब पॅरिसला गेलें. तेथील सरकारी संगीतविद्यालयाचे प्रमुख केरुबिनी यांनीं, परदेशीयांस प्रवेश देण्याचा नियम नाहीं, या कारणास्तव त्यास दारावरूनच परत पाठविलें. बारा वर्षांच्या मुलास तो घाव जिव्हारीं लागला. परंतु पॅरिसच्या रसिकांनीं त्यास डोक्यावर घेतलें. १८२४ मध्यें इंग्लंडला जाऊन त्यानें राजा चौथा जॉर्ज यासमोर विंडसरच्या वाड्यांत वादन केलें. असे दौरे चालू असतां १८२७ च्या ऑगस्टांत, समुद्रकांठच्या बुलोन गांवीं, आदाम विषमज्वरानें दगावला. पंधरा वर्षांच्या मुलानें परक्या भूमींत बापास मूठमाती दिली आणि आईस पॅरिसला बोलावून घेतलें. मग शहराच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पायपीट करून, श्रीमंतांच्या मुलींस पियानो शिकवून, त्यानें संसाराचा गाडा ओढण्यास आरंभ केला.

या शिकवण्यांत कारोलीन द सें-क्रीक नांवाच्या एका मंत्र्याच्या कन्येशीं त्याचा स्नेह जडला. दोघेंहि कोवळ्या वयाचीं व धार्मिक वृत्तीचीं होतीं. परंतु वाजंत्र्याच्या हातीं मुलगी देणें त्या मानी पित्यास अशक्य वाटलें, आणि त्यानें लिस्टला घराचें दार बंद केलें. या आघातानें तरुण लिस्ट इतका खचला कीं, १८२८ मध्यें तो मरण पावल्याची वार्ताहि एका पॅरिसच्या वृत्तपत्रानें छापली. तो तासचे तास ख्रिस्तमंदिरांत गुडघे टेकून बसे, संतांचीं चरित्रें वाची, आणि धर्मगुरु होण्याचा हट्ट धरी. आईनें आणि त्याचें पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूनें त्याची समजूत घातली कीं, त्याचें पाचारण कलेकडेच आहे. त्यानें तें मानलें. परंतु ती इच्छा विझली नाहीं, राखेखालच्या निखाऱ्यासारखी ती आंत धुमसत राहिली.

१८३० च्या जुलै महिन्यांत पॅरिसमध्यें राज्यक्रांति झाली, आणि त्या गडबडीनें तो जणूं झोंपेंतून जागा झाला. पुढें १८३२ च्या एप्रिलांत त्यानें पागानिनी या इटालियन व्हायोलिनवादकाचा जलसा ऐकला. पॅरिसमध्यें त्या वेळीं पटकीची सांथ पसरली होती, आणि तो जलसा रोगपीडितांच्या मदतीसाठींच होता. एका तंतुवाद्यांतून एवढें सामर्थ्य निघूं शकतें, तर पियानोंतून कां निघूं नये, असा ध्यास घेऊन लिस्टनें स्वतःस कोंडून घेतलें. दररोज चारपांच तास तो केवळ बोटांचा व्यायाम करी. शिवाय शाळा अर्धवट राहिली होती म्हणून ग्रंथवाचनाचा सपाटा लावी. त्या तपश्चर्येंतून जें वादन जन्मास आलें, त्याच्या तोडीचें वादन पूर्वीं कोणीं ऐकलें नव्हतें.

चरित्रकारानें दोष झांकूं नयेत. १८३५ मध्यें काउंटेस मारी दागू या विवाहित स्त्रीसह लिस्ट जिनिव्हास निघून गेला. धर्माच्या दृष्टीनें हा संबंध सदोष होता, व त्यापासून कोणासच सुख लाभलें नाहीं. ब्लांदीन, कोसिमा आणि दानिएल अशीं तीन मुलें झालीं. परंतु १८४४ पर्यंत आईबापांची कायमची फारकत होऊन मुलांच्या संगोपनाचा भार कांहीं वर्षें वृद्ध आजीवर पडला. बाप दौऱ्यावर आणि मुलें पॅरिसमध्यें, असें कित्येक वर्षें चाललें. या चुकीचें फळ लिस्टनें पुढें पुरेपूर भोगलें.

तथापि त्याच काळांत त्याच्या स्वभावाची दुसरी बाजूहि उजेडांत आली. जिनिव्हास नवें संगीतविद्यालय निघालें, तेव्हां त्यानें तेथें वेतन न घेतां शिकविलें. १८३८ च्या मार्चांत डॅन्यूब नदीस महापूर येऊन पेस्ट शहराचा मोठा भाग उध्वस्त झाला. लिस्ट तेव्हां व्हेनिसला होता. लहानपणीं सोडलेल्या मायभूमीची ती हकीकत वाचून तो तडक व्हिएन्नास गेला, तेथें जलशांमागून जलसे केले, आणि पूरग्रस्तांस भरघोस मदत पाठविली. पुढल्याच वर्षीं, बॉन शहरीं बेथोव्हनचें स्मारक वर्गणीअभावीं अडून पडलें आहे असें कळतांच, उरलेली रक्कम आपण उभी करूं, असें वचन त्यानें दिलें. तो पुतळा १८४५ च्या ऑगस्टांत उभा राहिला.

१८३९ पासून १८४७ पर्यंतचीं वर्षें म्हणजे लिस्टच्या कीर्तीचा मध्यान्हकाळ. आगगाडीचें जाळें अद्याप पुरतें पसरलें नव्हतें. तरी घोडागाडींतून व बोटींतून प्रवास करीत त्यानें आयर्लंडपासून रशियापर्यंत आणि लिस्बनपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत एक हजारांहून अधिक जलसे केले. त्यापूर्वीं जलशांत अनेक गायकवादक आळीपाळीनें येत. संपूर्ण जलसा एकट्यानें पार पाडण्याची प्रथा लिस्टनेंच रूढ केली. १८४० मध्यें लंडन येथें अशा एकट्याच्या जलशास ‘रिसायटल’ हें नांव प्रथम मिळालें, व तें आजतागायत चालू आहे. पुढ्यांत स्वरलिपीचा कागद न ठेवतां सारें मुखोद्गत वाजविणें, आणि वाद्य आडवें ठेवून त्याचें झांकण श्रोत्यांच्या बाजूस उघडणें, या गोष्टीहि त्याच्या उदाहरणानें सर्वत्र पसरल्या. ज्या गांवीं वाद्यवृंद नव्हता, तेथील लोकांस बेथोव्हनच्या महान् रचना व शूबर्टचीं गीतें त्यानें एका पियानोवर ऐकविलीं. बर्लिनमध्यें १८४१-४२ च्या हिंवाळ्यांत दहा आठवड्यांत त्याचे एकवीस जलसे झाले. स्त्रिया त्याचे हातमोजे व तुटलेल्या तारा स्मरणार्थ पळवूं लागल्या. या वेडाला कवि हाइने यानें लिस्टच्या नांवावरून एका रोगाचेंच नांव दिलें.

अशा ऐन भरांत, १८४७ च्या सप्टेंबरांत, युक्रेनमधील येलिसाव्हेतग्राद शहरीं, ज्यास आज क्रोपिव्निट्स्की म्हणतात, लिस्टनें एक जलसा केला आणि पैशासाठीं वाजविण्याचा धंदा कायमचा सोडून दिला. त्या वेळीं त्यास छत्तिसावें वर्ष चालू होतें. हात थकले नव्हते, लोक विटले नव्हते, मागणी चोहोंकडून होती. यापुढें जवळजवळ चाळीस वर्षें तो जगला. परंतु त्या अवधींत तो लोकांपुढें बसला तो बहुधा कोणा दुःखितांसाठीं, कोणा संस्थेसाठीं किंवा मित्रकार्यासाठीं. स्वतःच्या खिशासाठीं कधींहि नव्हे. जगाच्या इतिहासांत अशा शिखरावरून आपण होऊन खालीं उतरलेले कलावंत फार थोडे आढळतील.

त्यानंतर तो जर्मनींतील व्हायमार या छोट्या राजधानींत दरबारी संगीतनायक म्हणून राहिला. येथें त्यानें वाद्यवृंदासाठीं ‘स्वरकाव्य’ या नव्या प्रकारच्या रचना केल्या, आणि बी मायनर स्वरांतील आपला प्रसिद्ध सोनाटा १८५३ मध्यें पुरा केला. परंतु स्वतःच्या रचनांइतकेच श्रम त्यानें इतरांसाठीं घेतले. रिचर्ड वॅग्नर राजकीय बंडामुळें परागंदा झाला होता. त्याचें ‘लोएनग्रिन’ हें संगीत नाटक १८५० मध्यें लिस्टनेंच प्रथम रंगभूमीवर आणिलें. फ्रेंच संगीतकार बेर्लिओझ याच्या उपेक्षित रचनाहि त्यानें सादर केल्या. पुढें विरोधकांची फळी उभी राहिली, आणि १८५८ मध्यें त्याच्या एका शिष्याच्या नाटकावर प्रेक्षकांनीं शीळ घालून गोंधळ केला, तेव्हां त्यानें पद सोडलें.

याच काळांत त्याचें चित्त पुन्हां वेदीकडे वळूं लागलें. हंगेरींतील एस्टेरगोम येथील महामंदिराच्या अभिषेकासाठीं त्यानें रचिलेली भव्य मिस्सा ३१ ऑगस्ट १८५६ रोजीं गायिली गेली. त्यानंतर दुःखांमागून दुःखें आलीं. १८५९ च्या डिसेंबरांत पुत्र दानिएल विसाव्या वर्षीं वारला. १८६२ मध्यें थोरली कन्या ब्लांदीन बाळंतपणानंतर सव्विसाव्या वर्षीं गेली. व्हायमारमधील त्याची सहचरी राजकुमारी कारोलीन झाइन-विट्गेनश्टाइन हिचा पूर्वीचा विवाह धर्मसभेनें रद्द ठरवावा म्हणून तिनें बारातेरा वर्षें खटपट केली होती. अखेर रोम येथें, लिस्टच्या पन्नासाव्या वाढदिवशीं, २२ ऑक्टोबर १८६१ रोजीं, विवाह व्हावयाचा ठरला व ख्रिस्तमंदिर शृंगारलें गेलें. परंतु आदल्या रात्रीं निरोप आला कीं, प्रकरणाची पुन्हां चौकशी व्हावयाची असल्यानें विधि होणार नाहीं. पुढें १८६४ मध्यें राजकुमारीचा पहिला पति वारला व अडथळा नाहींसा झाला. तरी तीं दोघें विवाहबद्ध झालीं नाहींत. लिस्टची वाट आतां निराळी झाली होती.

१८६३ मध्यें त्यानें रोमजवळील मोन्ते मारिओ टेकडीवरील जपमाळेच्या मातेच्या मठांत एक साधी खोली घेतली. तेथें त्याच्याजवळ एक जुना, बिघडलेला पियानो असे. त्या वर्षींच्या जुलैंत खुद्द पोप नववे पायस त्या मठांत आले, आणि लिस्टनें त्यांस आपलें वादन ऐकविलें. २५ एप्रिल १८६५ रोजीं आर्चबिशप होहेनलोहे यांच्या हस्तें त्याचा मुंडनविधि झाला, व ३० जुलैस त्यानें कनिष्ठ दीक्षा घेतल्या. त्या काळीं धर्मगुरुपदाच्या वाटेवर द्वारपाल, वाचक, अपदूतनिष्कासक व वेदीसेवक अशा चार कनिष्ठ पायऱ्या असत. १९७२ मध्यें पोप सहावे पॉल यांनीं ही व्यवस्था बदलली. लिस्ट या चार पायऱ्यांवरच थांबला. त्यास मिस्सा अर्पण करण्याचा किंवा पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार नव्हता. तरी काळा झगा व आबे ही पदवी त्यास मिळाली.

मग युरोपभर कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणत, विवाह टाळण्याची ही युक्ति. कोणी म्हणत, नटाचा हा नवा वेष. लिस्ट निर्दोष झाला होता असें नाहीं. मद्याची संवय त्यास होती, आणि मनाची खिन्नता त्यास वरचेवर ग्रासी. परंतु या वेषाखालीं त्यानें काय केलें, तें पाहिलें पाहिजे. संत एलिझाबेथची संगीतकथा १८६५ च्या ऑगस्टांत पेस्ट येथें गायिली गेली. प्रभु येशूच्या जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतची ‘ख्रिस्तुस’ ही विशाल रचना त्यानें पूर्ण केली, व १८७३ मध्यें व्हायमार येथें ती समग्र ऐकविली. हंगेरीच्या १८६७ च्या राज्याभिषेकाची मिस्साहि त्याचीच.

१८६९ पासून तो वर्षाचे तीन भाग करून रोम, व्हायमार व बुडापेस्ट या तीन ठिकाणीं राही. जेथें जाई तेथें शिष्यांचा मेळा जमे. हान्स फोन ब्यूलो, टाउझिश, सोफी मेंटर, द'आल्बेर, रोझेनथाल, सिलोती, पोर्तुगालचा व्हियाना द मोत्ता, असे कितीतरी नामांकित वादक त्याच्या हाताखालून गेले. आणि यांपैकीं कोणाकडूनहि त्यानें शिकवणीचा पैसा घेतला नाहीं. चेर्नी आणि सालिएरी यांनीं एका गरीब कारभाऱ्याच्या पोरास जें विनामूल्य दिलें, तें त्यानें शतपटीनें दुसऱ्यांच्या पोरांस वांटलें. १८७५ मध्यें बुडापेस्टला राष्ट्रीय संगीतविद्यालय स्थापन झालें, त्याचा पहिला अध्यक्ष तोच. लहानपणीं पॅरिसच्या विद्यालयानें ज्यास दारांतून परत पाठविलें, त्यानें स्वदेशांतील मुलांसाठीं असें दार उघडून दिलें.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हें चरित्र अपुरें राहील. १८७८-७९ मध्यें त्यानें ‘व्हिया क्रुसिस’ ही रचना केली. आपण उपवासकाळांत क्रुसाच्या वाटेचीं जीं चौदा स्थानें भक्तीनें फिरतों, त्यांवरच ती रचिलेली आहे. ज्या हातांनीं पूर्वीं स्वरांचे धबधबे कोसळविले, त्याच हातांनीं येथें मोजके, रुक्ष, जवळजवळ मूक असे सूर लिहिले. त्यांतले स्वरमेळ इतके अपरिचित होते कीं, प्रकाशकानें ती छापण्यास नकार दिला. लिस्टच्या हयातींत ती एकदांहि गायिली गेली नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर त्रेचाळीस वर्षांनीं, १९२९ च्या शुभ शुक्रवारीं, बुडापेस्ट येथें ती प्रथम लोकांच्या कानीं पडली. आणि विसाव्या शतकाच्या संगीताची चाहूल या वृद्ध आबेस आधींच लागली होती, असें जाणत्यांस दिसून आलें. टाळ्यांसाठीं वेष घेणारा मनुष्य, जी कोणी ऐकणार नाहीं अशी प्रार्थना लिहीत बसत नाहीं.

१८८१ मध्यें जिन्यावरून पडल्यापासून त्याची प्रकृति ढासळत गेली; पाय सुजत, दृष्टि मंदावली. तरी १८८६ मध्यें तो पॅरिसला व लंडनला जाऊन आला. पॅरिसच्या सेंत-उस्ताश ख्रिस्तमंदिरांत वीस वर्षांपूर्वीं जिची उपेक्षा झाली होती, ती एस्टेरगोमची मिस्सा आतां लोकांनीं भक्तिभावानें ऐकली. १९ जुलैस लक्झेंबर्ग येथें त्याचें अखेरचें वादन झालें. तेथून, वॅग्नरची विधवा झालेली आपली कन्या कोसिमा हिच्या आग्रहास्तव, तो बायरॉइटच्या संगीतोत्सवास गेला. प्रवासांत खोकला जडला, त्याचा फुफ्फुसदाह झाला, आणि ३१ जुलै १८८६ च्या रात्रीं चौऱ्याहत्तर वर्षांच्या या यात्रिकानें डोळे मिटले. उत्सवाच्या गर्दींत ३ ऑगस्ट रोजीं त्यास त्याच शहराच्या दफनभूमींत पुरलें. दुसऱ्या दिवशीं तेथील कॅथोलिक ख्रिस्तमंदिरांत त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठीं मिस्सा झाली. ऑर्गनवर आन्टोन ब्रुकनर हा थोर संगीतकार बसला होता.

तर मग त्या काळ्या झग्याचा निवाडा काय? अंतःकरण पाहणारा परमेश्वर एकच आहे; आपण केवळ कृति पाहूं शकतों. लिस्ट हा संत नव्हता, आणि त्यास संत म्हणून कोणी पुढें करूंहि नये. परंतु देवाकडून आलेली देणगी ही विकण्याची वस्तु नव्हे, वांटण्याची आहे, हें त्यानें दीक्षा घेण्याच्या कितीतरी आधीं, पेस्टच्या पुरांत घरें वाहून गेलीं तेव्हांच ओळखिलें होतें. झगा मागाहून आला. उघडा हात आधींपासून होता. आपल्या ख्रिस्तमंदिराच्या माडीवर, उन्हाळ्यांत घाम पुसत आणि पावसाळ्यांत भिजत येऊन, कसलीहि अपेक्षा न धरतां जे गातात व वाजवितात, त्यांनीं या वृद्ध आबेस आपला वडीलबंधु मानावें. लोकांच्या टाळ्या त्याच्याबरोबर विरून गेल्या. जें त्यानें फुकट दिलें, तेवढें मात्र शिष्यांच्या हातांतून आजहि वाजत आहे.